एसीचा क्लच पकडत नाही तेव्हा

मोटारीच्या एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या बेल्टवर फिरतो, पण इंजिन सुरू आहे तोवर तो सतत फिरत राहून चालत नाही. हवा तेव्हा त्याला बेल्टशी जोडायचे आणि नको तेव्हा सोडायचे, हे काम कॉम्प्रेसरच्या तोंडाशी बसवलेला विद्युतचुंबकीय क्लच करतो. 1940 सालच्या पॅकार्ड गाड्यांना कारखान्यातूनच एसी मिळू लागला तेव्हा असा क्लच नव्हता. एसी बंद ठेवायचा तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून कॉम्प्रेसरचा बेल्टच उतरवून ठेवावा लागे. आज डॅशबोर्डवरचे बटण दाबल्यावर बॉनेटखालून 'टक्' असा जो आवाज येतो, तो या क्लचचा.

जुन्या गाडीत हा आवाज येईनासा झाला, किंवा येऊनही अर्ध्या तासात हवा गरम लागू लागली, की मालकाला सहसा दोनच निदाने ऐकायला मिळतात: गॅस संपला, नाहीतर कॉम्प्रेसर गेला. दोन्ही उपाय खर्चाचे आहेत, आणि दोष क्लचमध्ये असेल तर दोन्ही व्यर्थ आहेत. क्लच हा गॅसच्या बंद मार्गाबाहेर बसलेला असतो. त्याची तपासणी आणि दुरुस्ती करताना गॅस मुळीच काढावा लागत नाही, आणि बऱ्याच गाड्यांत कॉम्प्रेसर जागेवरून हलवावाही लागत नाही.

क्लचचे भाग तीन. बेल्टवर फिरणारी पुली कॉम्प्रेसरच्या पुढच्या नळीवर बेअरिंगने बसलेली असते. इंजिन चालू आहे तोपर्यंत ती फिरतच असते, एसी असो वा नसो. पुलीच्या पोटात तांब्याच्या तारेची गोल कॉइल असते, जी कॉम्प्रेसरच्या अंगाला घट्ट धरलेली असते आणि फिरत नाही. पुलीच्या पुढे, कॉम्प्रेसरच्या शाफ्टवर, लोखंडी प्लेट असते. कॉइलमध्ये वीज गेली की चुंबक तयार होतो, प्लेट पुलीवर ओढली जाते आणि दोन्ही एकत्र फिरू लागतात. वीज तुटली की पट्टीच्या स्प्रिंगा किंवा रबर प्लेटला मागे खेचतात. गॅरेजमध्ये 'कॉइल' हा शब्द दोन वस्तूंसाठी वापरतात, हे इथेच सांगितलेले बरे. डॅशबोर्डमागची हवा गार करणारी जाळी म्हणजे कूलिंग कॉइल, ती वेगळी. 'कॉइल गेली' असे मेकॅनिकने सांगितले तर कोणती, हे विचारून घ्यावे, कारण एका कॉइलसाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागू शकतो आणि दुसऱ्या कॉइलसाठी फक्त प्लेट आणि पुली.

सुटलेल्या अवस्थेत प्लेट आणि पुली यांच्यामध्ये बारीक फट असते. बहुतेक कॉम्प्रेसरमध्ये ती 0.35 ते 0.65 मिलिमीटरच्या दरम्यान ठेवलेली असते. काही बनावटींत 0.8 मिलिमीटरपर्यंत चालते. दर वेळी क्लच पकडतो तेव्हा प्लेट क्षणभर घसरते आणि दोन्ही पृष्ठभाग किंचित झिजतात. दहा-पंधरा वर्षांच्या वापरानंतर ही फट एक मिलिमीटरच्या पुढे जाऊ शकते. चुंबकाचे ओढणे अंतर वाढले की झपाट्याने कमी होते, म्हणून अर्ध्या मिलिमीटरचा फरकही इथे मोठा ठरतो.

जुन्या गाड्यांचा नेहमीचा विकार या फटीतूनच येतो: सकाळी एसी उत्तम चालतो, दुपारी वीस-पंचवीस मिनिटांनी हवा गरम येऊ लागते, गाडी थोडा वेळ उभी करून पुन्हा सुरू केली की परत गार. असे का होते, ते थोड्या आकडेमोडीने कळते. समजा कॉइलचा रोध 20 अंश तापमानाला 3.6 ओहम आहे. अल्टरनेटर 13.8 व्होल्ट देत असेल तर तिच्यातून सुमारे 3.8 अँपिअर प्रवाह जातो. तांब्याचा रोध दर अंशामागे सुमारे 0.39 टक्क्याने वाढतो. इंजिनशेजारी तापून कॉइल 100 अंशांवर पोहोचली की रोध 4.7 ओहम होतो आणि प्रवाह 2.9 अँपिअरवर येतो. ओढण्याची शक्ती साधारणपणे प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलते. म्हणजे ती जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटली. त्यात जुन्या वायरिंगने दीड व्होल्ट खाल्ला, तर शक्ती मूळच्या निम्म्याहूनही खाली जाते. फट योग्य असेल तर उरलेली शक्ती पुरते. फट वाढलेली असेल तर थर्मोस्टॅटने एकदा कट केलेला क्लच पुन्हा पकडतच नाही. गॅस, कॉम्प्रेसर, कॉइल सारे धडधाकट असूनही हवा गरम येते.

निदान डोळ्यांनी सुरू करावे. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला; इंजिन आयडलवर, एसी चालू, पंखा पूर्ण वेगात. बॉनेट उघडून, हात दूर ठेवून, कॉम्प्रेसरच्या पुलीकडे पाहावे. ओढणी, सैल बाह्या, गळ्यातली साखळी असे काहीही बेल्टच्या आसपास नको. पाहायचे एवढेच, की पुलीच्या मधोमध असलेली प्लेट फिरते आहे की स्थिर आहे. पुली फिरते म्हणजे कॉम्प्रेसर चालतो, हा गैरसमज फार जणांचा असतो. प्लेट स्थिर असेल तर क्लच पकडलेला नाही. प्लेट पुलीच्या वेगाने फिरत असूनही हवा गार नसेल तर दोष क्लचचा नाही; गॅस, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, कंडेन्सरचा पंखा किंवा कॉम्प्रेसरच्या आतला भाग तपासावा लागेल. प्लेट फिरते पण पुलीपेक्षा हळू, सोबत कर्कश आवाज आणि जळका वास, तर क्लच घसरतो आहे.

प्लेट स्थिर असेल तर पुढचा प्रश्न: कॉइलपर्यंत वीज पोहोचते का? इथे एक चूक वारंवार होते. कॉइलचा प्लग सोडून मीटर लावला तर बारा व्होल्ट दिसतात आणि वायरिंग ठीक आहे असे वाटते. पण गंजलेल्या जोडातूनही मीटरपुरता प्रवाह जातोच. खरी अडचण चार अँपिअर ओढायला लागल्यावर उघड होते. म्हणून प्लग जोडलेला ठेवून, मीटरची सुई मागच्या बाजूने वायरच्या टोकाशी टेकवून व्होल्टेज मोजावे. ते बॅटरीच्या टोकांवरच्या व्होल्टेजपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त खाली नसावे. अर्थिंगही असेच, जोडणी चालू असताना तपासावे: कॉम्प्रेसरचे अंग आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात 0.2 व्होल्टहून अधिक फरक असेल तर अर्थिंगची वायर किंवा तिचा बोल्ट साफ करावा लागेल. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा अशा खाऱ्या हवेच्या पट्ट्यातल्या गाड्यांत कॉइलच्या प्लगमधली पितळी टोके हिरवी पडलेली सर्रास आढळतात. पावसाळ्यात बॉनेटखाली शिरलेल्या उंदरांनी कुरतडलेली वायर हेही नेहमीचे कारण आहे, आणि ते नुसत्या नजरेने सापडते.

वीज पोहोचतच नसेल तर क्लच बिघडलेला नाही, त्याला कोणीतरी अडवले आहे. मग साखळी उलट्या दिशेने तपासत जावी. आधी फ्यूज, तो जळाला असेल तर बदलण्यापूर्वी कॉइलचा रोध मोजावा, कारण आतून शॉर्ट झालेली कॉइल नवा फ्यूजही घेऊन जाते. नंतर रिले. फ्यूजच्या पेटीत त्याच क्रमांकाचा दुसरा रिले, बहुधा हॉर्नचा किंवा पंख्याचा, असतो. दोघांची अदलाबदल करून पाहणे ही मिनिटाभराची परीक्षा आहे. त्यानंतर ड्रायरवर किंवा गॅसच्या नळीवर बसवलेला प्रेशर स्विच. दाब साधारण 2 बारच्या खाली गेला किंवा 30 बारच्या आसपास पोहोचला की तो परिपथ तोडतो. शेवटी थर्मोस्टॅट किंवा थर्मिस्टर, जो कूलिंग कॉइलवर बर्फ धरू नये म्हणून क्लच कट करतो. इंजेक्शनच्या गाड्यांत ईसीयूही क्लच थांबवतो: इंजिन फार तापले असेल, किंवा ओव्हरटेक करताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला असेल तर. हे दोष नव्हेत, सोयी आहेत.

प्रेशर स्विचच्या बाबतीत एक इशारा द्यायलाच हवा. त्याची दोन टोके तारेने जोडून क्लच पकडतो का हे पाहण्याची रीत गॅरेजमध्ये रूढ आहे. परीक्षा म्हणून दोन-तीन सेकंद ते चालते. पण 'स्विच डायरेक्ट करून दिला' असे सांगून गाडी परत दिली गेली, तर ती तार आधी काढून घ्यावी. कॉम्प्रेसरचे वंगणतेल गॅससोबत फिरते. गॅस नसेल तर तेलही फिरत नाही, आणि कॉम्प्रेसर काही दिवसांत कोरडा पडून जाम होतो. एका स्विचची किंमत वाचवताना एसीतला सर्वांत महाग भाग जातो. स्विच परिपथ तोडत असेल तर गेज लावून दाब पाहणे हाच सरळ मार्ग. आर-134ए गॅस असलेल्या गाडीत, एसी आणि इंजिन काही तास बंद असताना, 30 अंश हवामानात दोन्ही गेज 95 ते 100 पीएसआयच्या आसपास सारखेच दाखवतात. त्याच्या फार खाली आकडा असेल तर गॅस गळला आहे, आणि गळती शोधल्याशिवाय नवा भरण्यात अर्थ नाही. मात्र एवढा दाब दिसला म्हणून गॅस पुरेसा आहे असेही नाही. थोडा द्रव शिल्लक असला तरी दाब तेवढाच राहतो.

क्लच दर चार-सहा सेकंदांनी पकडतो आणि सुटतो, अशी तक्रार असेल तर तीही बहुधा कमी गॅसची खूण असते. तिच्याकडे दुर्लक्ष केले तर महिन्याभरात क्लचची कित्येक वर्षांची झीज होऊन जाते. म्हणून नवी प्लेट बसवण्याआधी हे कारण दूर झालेले असावे.

आता वीज नीट पोहोचते, पण प्लेट ओढली जात नाही, ही शक्यता. इंजिन बंद करावे, प्लग सोडावा आणि मीटर ओहमवर लावून कॉइलच्या टोकांशी रोध मोजावा. थंड कॉइलचा आकडा बहुतेक गाड्यांत 3 ते 5 ओहमच्या दरम्यान येतो. अनंत दाखवले तर तार तुटली; काही कॉम्प्रेसरच्या कॉइलमध्ये किंवा अंगावर उष्णतेने तुटणारा फ्यूज असतो, तो गेला तरी हेच दिसते. आकडा दीड-दोन ओहमवर आला तर वेढे आपसात शॉर्ट झाले आहेत. दोन्ही वेळा कॉइल बदलावीच लागते.

रोध योग्य असेल तर उरते ती फट. फिरत्या पुलीवर लाकडाची काठी टेकवून प्लेट ढकलण्याची जुनी पद्धत अनेक जण वापरतात. ती धोक्याची आहे आणि तिची गरजही नाही. एसी गरम हवा देऊ लागेपर्यंत गाडी चालवावी, इंजिन बंद करून चावी काढावी, आणि बॅटरीच्या धन टोकापासून 10 अँपिअरचा फ्यूज असलेली वायर थेट कॉइलला द्यावी. कॉइलमध्ये डायोड बसवलेला असेल तर धन-ऋण उलट होऊ देऊ नये. सारे स्थिर असताना, आजूबाजूच्या तापलेल्या भागांना न लागता, प्लेटकडे पाहावे. ती ओढली गेली नाही, पण पान्याच्या टोकाने हलकेच दाबताच 'टक्' करून चिकटली आणि चिकटून राहिली, तर निदान पक्के झाले: कॉइल जिवंत आहे, फट वाढली आहे. फट मोजायला फिलर गेज हवे. ते हाताशी नसेल तर एटीएम कार्ड उपयोगी पडते. कार्डाची जाडी 0.76 मिलिमीटर असते. त्याची सपाट कड प्लेट आणि पुली यांच्यामध्ये न अडता सरकली तर फट प्रमाणाबाहेर गेली असे समजायला हरकत नाही.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी आणखी एक गोष्ट हाताने पाहायची. इंजिन बंद ठेवून, थेट दिलेली वायर काढून, मधली प्लेट बोटांनी फिरवावी. कॉम्प्रेसर चांगला असेल तर ती थोड्या जडपणाने, पण सलग फिरते. फिरतच नसेल किंवा करकर अडकत असेल तर कॉम्प्रेसर आतून जाम झाला आहे आणि जळलेला क्लच हा त्याचा बळी आहे. अशा कॉम्प्रेसरवर नवा क्लच बसवला तर तोही चार दिवसांत जळतो. प्लेट निळसर पडली असेल तर ती खूप तापली होती. प्लेटभोवती तेलाचे शिंतोडे असतील तर शाफ्टचे सील गळते आहे. तेल लागलेला क्लच घासून पुसून पुन्हा चालवता येतो, पण सील बदलेपर्यंत तेल येतच राहणार, आणि सीलचे काम गॅस काढून घेणाऱ्या यंत्राशिवाय करू नये. आर-134ए हवेत सोडला तर त्याचा तापमानवाढीवरचा परिणाम तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,430 पट असतो.

फट कमी करण्याचे काम नीटनेटक्या हाताच्या कोणालाही जमण्यासारखे आहे. बॅटरीचे ऋण टोक सोडावे. जागा अपुरी असेल तर बंपरची बाजू किंवा चाकाजवळचे आवरण उतरवावे. काही गाड्यांत नळ्या न सोडता कॉम्प्रेसरचे बोल्ट काढून तो थोडा पुढे ओढता येतो. प्लेट फिरू नये म्हणून ती पट्ट्याच्या पान्याने धरून मधला नट किंवा बोल्ट सोडवावा. मग प्लेट शाफ्टवरून बाहेर काढायची. अनेक प्लेटांमध्ये यासाठीच आटे पाडलेली भोके असतात. त्यात योग्य मापाचे बोल्ट सारखे सारखे पिळले की प्लेट सरळ बाहेर येते. स्क्रू ड्रायव्हर घालून एका बाजूने उचकटली तर ती वाकते, आणि वाकलेली प्लेट पुन्हा कधी सपाट बसत नाही. हातोडीला तर इथे कामच नाही; शाफ्टवर बसलेला ठोका आतल्या भागांपर्यंत जातो.

प्लेटच्या मागे, शाफ्टच्या टोकावर, पातळ चकत्या सापडतात. या शिम. त्या बहुधा 0.1, 0.2, 0.5 मिलिमीटर अशा जाडीच्या असतात आणि काळ्या तेलकट थरामुळे एकमेकींना चिकटून एकच वाटतात, म्हणून नखाने सोडवून मोजाव्यात. फट 1.1 मिलिमीटर असेल आणि 0.5 ची शिम काढली, तर ती 0.6 वर येते. समोरासमोरचे पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने पुसावेत, बारीक पॉलिश पेपरने गंज उतरवावा, ग्रीस मुळीच लावू नये, आणि क्लीनर बेअरिंगमध्ये जाऊ देऊ नये. प्लेट बसवून नट आवळावा. त्याचा टॉर्क साधारण 12 ते 18 न्यूटन-मीटर असतो, गाडीच्या पुस्तिकेतला आकडा मिळाला तर तोच धरावा. नंतर फट तीन-चार ठिकाणी मोजावी. एका बाजूला 0.4 आणि दुसऱ्या बाजूला 0.8 अशी असेल तर प्लेट वाकडी आहे. शिम काढायलाच उरली नसेल, किंवा फट 0.3 च्या खाली गेली असेल, तरीही जुळवून घेऊ नये. फार कमी फटीत प्लेट सुटलेल्या अवस्थेतही पुलीला घासत राहते.

कॉइल बदलायची असेल तर प्लेटनंतर पुलीची सर्क्लिप काढून पुली ओढावी लागते. त्यामागे कॉइल दुसऱ्या सर्क्लिपने धरलेली असते. तिच्या मागच्या बाजूचा छोटा उंचवटा कॉम्प्रेसरच्या खाचेत बसला पाहिजे. तो न बसता सर्क्लिप दाबून लावली तर कॉइल तिरकी राहते आणि पुली तिला कापत जाते. सर्क्लिपची तिरकी कड बाहेरच्या बाजूला ठेवावी, आणि कॉइलची वायर जुन्याच क्लिपमध्ये परत अडकवावी. मोकळी राहिलेली वायर बेल्टला लागायला वेळ लागत नाही. नवी प्लेट किंवा पुली बसवली असेल तर इंजिन 1,500 ते 2,000 फेऱ्यांवर ठेवून एसी पंधरा-वीस वेळा चालू-बंद करावा, म्हणजे पृष्ठभाग एकमेकांवर बसतात आणि पकड पूर्ण येते.

बेअरिंगचा बिघाड कानाला कळतो. एसी बंद असतानाही पुलीच्या बाजूने घरघर येत असेल आणि एसी लावल्यावरही ती राहत असेल, तर संशय पुलीच्या बेअरिंगवर. आवाज फक्त एसी लावल्यावरच येत असेल तर कॉम्प्रेसरवर किंवा घसरत्या क्लचवर. खात्रीसाठी बेल्ट उतरवून पुली हाताने फिरवावी. खरखर जाणवली किंवा पुली हातात डुगडुगली तर बेअरिंग गेले. त्याच्या कडेवर क्रमांक कोरलेला असतो, उदाहरणार्थ 35 मिलिमीटर आतला व्यास, 55 बाहेरचा, 20 रुंदी असे त्याचे माप असते. त्याच मापाचे, दोन्ही बाजूंनी सीलबंद बेअरिंग आणावे. ते पुलीत दाबताना जोर बाहेरच्या कड्यावरच यावा. आतल्या कड्यावर दाबले तर नवे बेअरिंग बसवतानाच खराब होते. काही पुल्यांमध्ये बेअरिंग जागेवर राहण्यासाठी काठाला ठोके मारलेले असतात; नवे बसवल्यावर ते तसेच पुन्हा मारावे लागतात.

क्लचच्या सर्व बिघाडांत फक्त हाच एक असा आहे की एसी बंद ठेवून तो टाळता येत नाही, कारण पुली फिरतच असते. बेअरिंग जाम झाले की पुली तापते आणि बेल्ट तुटतो. अनेक गाड्यांत तोच एक बेल्ट अल्टरनेटर आणि पाण्याचा पंपही चालवतो. तो तुटल्यावर इंजिन काही मिनिटांत तापू लागते. घरघर ऐकू आलेल्या गाडीने घाट चढण्याचा बेत असेल, तर बेअरिंग आधी बदलावे आणि मगच निघावे.